डुकराच्या घरापासून क्यूच्या दफ्तरापर्यंत: ससेक्समध्ये ट्यूडर राजवटीच्या (१४८५–१६०३) लोखंडाच्या मागावर

चाळीस वर्षं कोल्हापुरात, आधी उद्यमनगरात आणि मग शिरोलीला, ओतकाम केलं. पिग आयर्न, म्हणजे भट्टीतून निघालेलं कच्चं लोखंड, हजारो टन वितळवलं, पण पिग का म्हणतात हे कधी कुणाला विचारलं नाही. या खेपेला क्रॉयडनला मुलाकडे गेलो तेव्हा सुनेनं सांगितलं. ती ससेक्सची, आणि तिच्या आजीच्या घराण्यात लोखंडाचं काम होतं असं घरात बोललं जायचं. वाळूत लांब चर पाडून ओतलेला मोठा ठोकळा म्हणजे ‘सो’, डुकरीण, आणि तिच्या अंगाला लागलेले लहान ठोकळे म्हणजे पिलं. म्हणजे नातू दोन्हीकडून भट्टीवाल्यांचा! मग काय, पाच दिवस काढले आणि तिघं निघालो. नातवाला शाळा होती, तो अजून रुसलेला आहे.

लंडनच्या दक्षिणेला केंट, सरे आणि ससेक्समध्ये पसरलेल्या जंगलपट्टीला वील्ड म्हणतात. खाली लोखंडाची माती, वर कोळशासाठी झाडं आणि मध्ये भाते-हातोडे पाण्यावर चालवायला बांध घालता येईल असे ओढे. १४९०च्या सुमारास उत्तर फ्रान्समधून आलेल्या कारागिरांनी इथे इंग्लंडमधली पहिली झोतभट्टी (ब्लास्ट फर्नेस) पेटवली. १४९६ मध्ये सातव्या हेन्रीनं स्कॉटलंडच्या लढाईसाठी ॲशडाउनच्या रानात न्यूब्रिजला सरकारी भट्टी घातली. आम्ही तिथूनच सुरुवात केली. कोलमन्स हॅच गावाजवळ उतरून रानात शिरायचं. इमारत शोधत बसू नका, काही उरलेलं नाही. झाडांत आडवा पडलेला मातीचा बांध दिसतो आणि ओढ्याचं पाणी गंजासारखं तांबूस. ओढ्यात मला हिरवट काचेसारखा तुकडा दिसला. सून म्हणाली, बाटलीची काच असेल. मी हातात घेऊनच सांगितलं, स्लॅग आहे, लोखंड काढताना सुटणारा मळ. असली काच झोतभट्टीतूनच निघते, आधीच्या लहान भट्ट्यांची स्लॅग काळी आणि जड. तुकडा पाहिला आणि परत ठेवला. तुम्हीही ठेवा, उचलून नेण्यावर बंधनं असतात.

इथली माती चिकण, पावसात पाय घोट्यापर्यंत जातो. १५८५च्या कायद्यानं कोळसा-लोखंडाच्या गाड्या नेणाऱ्यांवर रस्त्यात स्लॅग आणि दगड टाकायची सक्ती केली होती, ती का, हे माझ्या स्पोर्ट शूजना पहिल्याच दिवशी कळलं. गमबूट घ्या. पँट मोज्यात खोवा, गवतात गोचिड्या असतात. बऱ्याच जुन्या जागा खाजगी शेतात आहेत, तिथे मालकाला विचारल्याशिवाय जाऊ नका. वील्डच्या लोखंडाचा अभ्यास करणारा एक गट १९६८पासून काम करतोय, त्यांच्या वेबसाइटवर प्रत्येक भट्टीची नोंद सापडते. जागा आधी त्यावरून ठरवा.

दुसऱ्या दिवशी बक्स्टेड. ईस्ट क्रॉयडनहून अकफील्डची गाडी थेट बक्स्टेडला थांबते. बक्स्टेड पार्कच्या तोंडाशी एक जुनं घर आहे, त्याच्यावर डुकराचं चित्र आणि १५८१ हे साल असलेली लोखंडी पाटी. हे राल्फ हॉग या भट्टीवाल्याचं घर, आडनावावरून डुक्कर. घरात लोक राहतात, तेव्हा रस्त्यावरूनच बघा.

या हॉगची गोष्ट म्हणजे अस्सल घराणं आणि भाऊबंदकी. जॉन लेव्हेट नावाचा भट्टीवाला १५३५ मध्ये वारला आणि धंदा त्याच्या भावाकडे, विल्यमकडे आला. विल्यम होता बक्स्टेडच्या चर्चचा पाद्री! रविवारी प्रवचन आणि सोमवारपासून तोफा. हॉग त्याच्या हाताखालचा माणूस. १५४३ मध्ये या मंडळींनी पीटर बोद या फ्रेंच तोफओत्याच्या मदतीनं इंग्लंडमधली पहिली एकसंध ओतीव लोखंडी तोफ काढली असं सांगतात. गावच्या जुन्या कवनात मात्र हा मान हगेट नावाच्या दुसऱ्याच घराण्याला दिलाय. मला विचाराल तर एवढ्या जाडीचा ओतीव माल पहिल्याच खेपेला पोकळी न धरता निघणं हे एका माणसाचं काम नव्हेच. किती साचे वाया गेले असतील, त्याची नोंद कोण ठेवतो?

हॉगला पुढे तोफा परदेशी विकण्याचा एकाधिकार मिळाला. शेजारचे भट्टीवाले ऐकेनात, तेव्हा त्यानं एलिझाबेथ राणीच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे सल्लागार मंडळाकडे, तक्रार केली की हे लोक माझा हक्क मोडतात आणि तोफा शत्रूच्या हाती जातात. कौन्सिलनं १५७४ मध्ये सगळ्या मालकांची यादीच काढली, आणि परवान्याशिवाय तोफ ओतणार नाही असं दोन-दोन हजार पौंडांचं बंधपत्र लिहून घेतलं. आज वील्डमधल्या कुठल्याही भट्टीवाल्या घराण्याचा शोध या यादीपासून सुरू होतो. शंभरावर भट्ट्या आणि हातोडे, मालक कोण, चालवतो कोण, सगळं एका माणसाच्या तक्रारीमुळे कागदावर आलं.

हॉगची बायको मार्गरेट ही हेन्स्लो घराण्यातली. तिचा बाप ॲशडाउनच्या रानातल्या शिकारीवरचा अधिकारी. तिच्या एका भावानं, जॉननं, १५७६ ते १५८१ या वर्षांत रानातल्या लोखंडाच्या कामाचा हिशेब एका वहीत लिहिला. उरलेली कोरी पानं दुसऱ्या भावानं, फिलिपनं, लंडनच्या रोझ नाट्यगृहाच्या हिशेबाला वापरली. शेक्सपिअरच्या काळातल्या रंगभूमीचा एवढा पक्का पुरावा दुसरा नाही, आणि तो भट्टीच्या जमाखर्चाच्या वहीत आहे. वही डलिच कॉलेजात असते. कागद वाया न घालवणारे लोक मला आवडतात.

तिसऱ्या दिवशी वॉडहर्स्ट आणि बर्वॉश. वॉडहर्स्टच्या चर्चमध्ये फरशीत तीसच्या आसपास ओतीव लोखंडी थडग्यांच्या पाट्या आहेत, १६१७ ते १७९९ मधल्या. ट्यूडर काळानंतरच्या, पण घराणी तीच. बऱ्याच पाट्या बारहॅम घराण्याच्या. मी अक्षरांकडेच बघत बसलो. काही ठिकाणी लाकडी ठसा वाळूत तिरका दाबलेला कळतो, म्हणजे मोल्डर घाईत होता. वॉडहर्स्ट स्टेशन गावापासून दूर आहे, टॅक्सी आधी सांगून ठेवा. बर्वॉशला स्टेशन नाही, एचिंगहॅमला उतरावं लागतं. तिथल्या चर्चमध्ये भिंतीला एक जुनी लोखंडी पाटी आहे, कॉलिन नावाच्या व्यक्तीच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा असं सांगणारी, लॅटिन अशुद्ध. कॉलिन्स हे इथलं भट्टीवाल्यांचं घराणं. बर्वॉशबाहेर बेटमन्स हे रडयार्ड किपलिंगचं घर आहे. मुंबईत जन्मलेला माणूस म्हणून डोकावलो, पण खरं सांगतो, चहा चांगला होता. लुईसला ॲन ऑफ क्लीव्ह्जच्या घरात वील्डच्या लोखंडाचं दालन आहे, उघडण्याचे दिवस बघूनच जा.

शेवटचे दोन दिवस लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, म्हणजे सरकारी जुन्या कागदांच्या दफ्तरात. वाचकाचं ओळखपत्र फुकट मिळतं, त्यासाठी फोटो असलेला आणि पत्ता असलेला असे दोन मूळ पुरावे लागतात. मी पत्त्याचा पुरावा नेलाच नव्हता, म्हणून पहिला दिवस मी खाली दुकानात आणि सून वर कागदांत. पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. मोबाइलनं फोटो काढता येतात. रविवार-सोमवार बंद असतं, आणि दस्त आदल्या दिवसाआधी मागवून ठेवले की वेळ वाचतो.

मागवायचं काय? स्टार चेंबर, रिक्वेस्ट्स आणि चान्सरी या तेव्हाच्या कोर्टांतले दावे. मृत्युपत्रात फक्त कुणाला काय दिलं ते कळतं. दाव्यात अर्ज, उत्तर, प्रत्युत्तर, आणि मग साक्षी. साक्षीदाराचं नाव, गाव, धंदा, अंदाजे वय. वाद तरी कसले? बांधाच्या पाण्यानं कुरण बुडालं. ठरल्यापेक्षा जास्त झाडं तोडली. भागीदारानं हिशेब दिला नाही. विधवेच्या ताब्यातली भट्टी दिराने घेतली. आपल्याकडचे महजर, म्हणजे जुने निवाडे, ज्यांनी वाचलेत त्यांना हे अगदी ओळखीचं वाटेल. कोळसेवाला, भट्टीवर रात्रपाळी करणारा, एरवी ज्याचं नाव कुठेच आलं नसतं, तो साक्षीला आल्यामुळे सापडतो. चांगले वागलेले पूर्वज शोधायला फार अवघड.

पण सगळं खरं धरू नका. स्टार चेंबरकडे जायचं तर दंगा झाल्याचं सांगावं लागे, म्हणून प्रत्येक अर्जात जमाव, तलवारी आणि सोटे असतातच. सुनेनं पहिला अर्ज वाचून मला फोनवर घाबरून सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडच्या बांधाच्या भांडणातली फिर्याद वाचून बघ.

तारखांचा घोळ आधी समजून घ्या. तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलायचं. किनाऱ्याजवळची झाडं भट्टीसाठी तोडायला बंदी करणारा एलिझाबेथचा कायदा १५५८चा म्हणतात, पण तो संसदेच्या ज्या अधिवेशनात झाला ते आपल्या हिशेबानं १५५९च्या जानेवारीत सुरू झालं. त्यातून वील्डला वगळलं होतं हे वेगळं सांगायला नकोच. आडनावंही कानाला ऐकू आली तशी लिहिलेली, त्यात मूळचे फ्रेंच कामगार, तेव्हा एकच माणूस चार प्रकारे सापडतो. अक्षर वाचायला शिकण्यासाठी अभिलेखागाराचा ऑनलाइन फुकट वर्ग आहे, जाण्याआधी पंधरा दिवस तरी तो करा.

सुनेला आजीच्या आडनावाचा एक साक्षीदार सापडला, धंदा हातोडेवाला, वय चाळीस किंवा त्याच्या आसपास. तिनं फोटो नातवाला दाखवला. सहीच्या जागी त्यानं फुलीऐवजी लहानसा हातोडा काढला होता.