थिसिसचा पेपर करताना आधी आकडे मांडा

एमडी-एमएसचा थिसिस शंभर-सव्वाशे पानांचा असतो. मेडिकल जर्नलला त्यातून साधारण अडीच-तीन हजार शब्द, चार-पाच तक्ते आणि तीसेक संदर्भ हवे असतात. म्हणून बहुतेक जण थिसिसची वर्ड फाइल उघडून काटछाट करत बसतात. कापून उरतं तेही थिसिसच असतं, फक्त छोटं. त्यापेक्षा कोरी फाइल घ्या आणि शेजारी मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या नोंदींचा मूळ तक्ता, उघडा.

थिसिसमध्ये वय, लिंग, पत्ता शहरी की ग्रामीण, प्रत्येकाला एक तक्ता आणि एक रंगीत पाय चार्ट असतो. पेपरमध्ये ते सगळं तक्ता १ मध्ये मावतं आणि पाय चार्ट एकही लागत नाही. तक्ता २ म्हणजे तुमच्या संशोधनप्रश्नाचं थेट उत्तर. ते एका तक्त्यात बसत नसेल तर बहुधा प्रश्नच दोन आहेत, त्यातला एक निवडा.

सगळ्यात जास्त घोळ छेदात, म्हणजे टक्के किती जणांपैकी काढले त्या आकड्यात होतो. समजा १७२ रुग्ण घेतले आणि ६ जण फॉलोअपला आलेच नाहीत. मग तक्ता १ मध्ये १७२, तक्ता २ मध्ये १६६, आणि एखादी तपासणी १४० जणांचीच झाली असेल तर तिथे १४०. हा आकडा स्तंभाच्या डोक्यावर लिहिला नाही की टक्के जुळत नाहीत. रिव्ह्यूअर, म्हणजे जर्नलसाठी लेख तपासणारा तज्ज्ञ, कॅल्क्युलेटर काढतो, एक बेरीज चुकलेली सापडते, आणि मग त्याला बाकीचेही आकडे खरे वाटेनासे होतात. १२ पैकी ५ म्हणजे ४२ टक्के, ४१.६७ लिहून अचूकता वाढत नाही.

एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या पी व्हॅल्यू (असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.००० दाखवतात. ती शून्य नसते, ०.००१ पेक्षा कमी, असं लिहायचं. बाकी ठिकाणी खरी किंमत द्या, नुसतं ‘०.०५ पेक्षा कमी’ नको, आणि सोबत ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरी किंमत ज्या पट्ट्यात असावी तो पट्टा द्या. वॉर्डातल्या मुक्कामाची सरासरी ६.२ दिवस आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ५.८ आलं, तर थांबा. दोन डेव्हिएशन वजा केली की मुक्काम उणे पाच दिवसांचा होतो! माहिती एका बाजूला कललेली आहे. तिथे मीडियन (मधली किंमत) आणि इंटरक्वार्टाइल रेंज (मधल्या निम्म्या रुग्णांचा पट्टा) द्या. दोन बाय दोनच्या तक्त्यात अपेक्षित संख्या पाचच्या खाली गेली तर काय-स्क्वेअरऐवजी फिशरची चाचणी.

तक्ते पक्के झाले की रिझल्ट्स एका बैठकीत होतात. मग मेथड्स. इथे सॅम्पल साइझचं वाक्य थिसिसमधून जसंच्या तसं उचलू नका. आपल्याकडे चार पीक्यू भागिले एल वर्ग हे सूत्र सर्रास वापरतात; पी म्हणजे अपेक्षित प्रमाण टक्क्यांत, क्यू म्हणजे शंभर वजा पी, एल म्हणजे चालू शकणारी चूक. प्रमाण ३० टक्के आणि चूक ७ टक्के निरपेक्ष धरली तर १७२ येतात; चारऐवजी १.९६ चा वर्ग घेतला तर १६५. पण चूक प्रमाणाच्या २० टक्के, म्हणजे सापेक्ष धरली, तर एल सहा होतो आणि आकडा २३४ वर जातो. म्हणून प्रमाण कुठल्या अभ्यासातून घेतलं आणि चूक कुठल्या अर्थाने धरली, दोन्ही लिहा.

एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा क्रमांक आणि तारीख द्यायची, आणि पहिला रुग्ण त्यानंतरचाच हवा. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआय या भारताच्या ट्रायल नोंदवहीतली नोंदणीही पहिल्या रुग्णाआधीची. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होतच नाही. नोंदणी क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो, त्यामुळे एडिटरला तफावत एका नजरेत दिसते. ही चूक लिहून दुरुस्त होत नाही. ट्रायलला कन्सॉर्ट, निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब आणि केस रिपोर्टला केअर अशा चेकलिस्ट आहेत. त्या मेथड्स लिहितानाच समोर ठेवा. सबमिशनच्या रात्री पान क्रमांक भरण्यापुरत्या उघडल्या तर काय राहिलं ते कळतं, पण भरून काढायला वेळ नसतो.

डिस्कशनच्या पहिल्या परिच्छेदात आपल्याला काय सापडलं ते सांगा; व्याख्या आणि इतिहास नको. इंट्रोडक्शन तीन परिच्छेदांत आटपा. अ‍ॅबस्ट्रॅक्ट सगळ्यात शेवटी, आणि त्यातला प्रत्येक आकडा तक्त्याशी ताडून. शीर्षकातलं ‘तृतीयक स्तरावरील रुग्णालयातील एक प्रॉस्पेक्टिव्ह अभ्यास’ हे शेपूट छाटायला हरकत नाही, पण अभ्यासाचा प्रकार राहू द्या. एआयकडून भाषा सुधारून घेतली असेल तर तसं नमूद करा, आणि संदर्भ मात्र एकेक करून पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवर उघडून बघा. अस्तित्वात नसलेले लेख ही साधनं छान बेमालूम तयार करतात.

लेखकांची नावं हा नाजूक विषय. आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी आहेत: कामात ठोस वाटा, लेखनात किंवा चिकित्सक सुधारणेत वाटा, अंतिम मसुद्याला संमती, आणि कामाची जबाबदारी. चारही लागू व्हाव्या लागतात. केवळ एचओडी (विभागप्रमुख) आहेत म्हणून नाव घालण्याची आपली रीत यात कुठेच बसत नाही. नुसती यंत्रं किंवा रुग्ण उपलब्ध करून दिले असतील तर आभारात उल्लेख करावा. क्रम लिहायला बसण्यापूर्वीच ठरवा. रेसिडेंट पास होऊन गावी गेला की सह्या गोळा करायला महिने जातात, म्हणून पत्रव्यवहाराला कायम राहील असा ईमेल द्या.

फोटोंचं थोडक्यात. साडेतीन इंच रुंदीला ३०० डीपीआय म्हणजे १०५० पिक्सेल. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून आलेली इमेज आक्रसलेली असते, मूळ फाइल मागवा. एक्स-रेच्या कोपऱ्यातलं नाव आणि नोंदणी क्रमांक कापा. डोळ्यांवर काळी पट्टी मारली म्हणून ओळख लपत नाही. उपचारांच्या संमतीपेक्षा वेगळी, प्रकाशनासाठीची लेखी संमती लागते.

नावं झाकून रिव्ह्यू करणाऱ्या जर्नलला दोन फाइली द्याव्या लागतात: नाव-पत्त्यांचं पहिलं पान वेगळं आणि लेख वेगळा. लेखात मग कॉलेजचं नाव एथिक्स कमिटीच्या वाक्यात डोकावतं, किंवा वर्डच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून गाईडचं नाव राहून जातं. तिथेही बघा. एका वेळी एकाच जर्नलला पाठवा. थिसिस ऑनलाइन भांडारात असेल तर कव्हर लेटरमध्ये कळवा, म्हणजे साम्य तपासणीत आकडा वर गेला तरी कारण आधीच माहीत असतं.

सगळं अपलोड झालं की पोर्टल एक पीडीएफ तयार करतं आणि ‘अ‍ॅप्रूव्ह’ विचारतं. ती पूर्ण वाचा, विशेषतः चिन्हं. सिम्बॉल फाँटमध्ये टाइप केलेला म्यू फाँट बदलला की एम होतो, आणि तुमच्या तक्त्यातला मायक्रोग्रॅमचा डोस मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट होऊन, रिव्ह्यूअरकडे जातो.