बांबूतला पक्षी आणि वॉशिंग मशीनची बीप

आधीच सांगते, मी बर्डर, म्हणजे पक्षी बघत हिंडणारी, नाही. मी बर्डरची बायको आहे, आणि ही एक वेगळीच जमात असते. गळ्यात जुनी दुर्बीण (नवऱ्याने नवीन घेतली की जुनी आपल्याकडे येते), पाठीवर खाऊची पिशवी, आणि "दिसला का? दिसला का?" ला "हो हो दिसला" म्हणायची बावीस वर्षांची प्रॅक्टिस.

आत्तापर्यंत आमच्या ट्रिपा म्हणजे भिगवण, नाहीतर जास्तीत जास्त आंबोली. भिगवणचं मला काही वाटत नाही, उलट आवडतंच. पहाटे पुण्यातून निघायचं, कुंभारगावात होडीत बसायचं, उजनीच्या पाण्यात रोहित (फ्लेमिंगो) उभे असतात ते बघायचे. एवढे मोठे आणि गुलाबी की दुर्बीण नसली तरी चालतं, आणि दुपारी चिलापी फ्राय खाऊन संध्याकाळी घरी. हा माझ्या लेव्हलचा पक्षी. पण यंदा एप्रिलमध्ये नवऱ्याच्या ग्रुपने ठरवलं ईगलनेस्ट अभयारण्य. अरुणाचल. दहा दिवस. मी म्हटलं त्यापेक्षा तारकर्लीला जाऊ, तिथे पण पक्षी असतील की, तर चार माणसांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी गपचूप इनर लाईन परमिटसाठी (अरुणाचलमध्ये शिरायचा परवाना) फोटो काढून आणला.

पुणे ते गुवाहाटी विमान, मग गाडीने तेजपूर, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी भालुकपाँगला परमिट दाखवून अरुणाचलमध्ये आत. तिथून कामेंग नदी काही वेळ सोबत असते आणि मग घाट सुरू होतो तो संपतच नाही. टेंगा गेलं की डांबरी रस्त्याचे लाड पण संपतात. लामा कॅम्पला पोचलो तेव्हा माझ्या कमरेचे सगळे मणके मला सुटे सुटे मोजता येत होते. उंची २,३५० मीटर, कडाक्याची थंडी, आणि समोर ढगांच्या वर नुसते डोंगर. अर्धा तास मी कोणाशी बोलले नाही, लाल चहाचा ग्लास हातात धरून उभी राहिले. तेवढं मात्र मान्य करते.

ईगलनेस्ट हे नाव ऐकून मला वाटलं होतं गरुडांची घरटी असतील. तसं काही नाही, १९५० च्या दशकात इथे लष्कराची रेड ईगल डिव्हिजन होती, त्यावरून नाव पडलं. अभयारण्यातून जाणारा कच्चा रस्ता पण लष्करानेच केलेला, आणि तोच एक रस्ता म्हणजे इथलं सगळं वैभव. वर ईगलनेस्ट पास, म्हणजे खिंड, जवळजवळ २,८०० मीटरवर, तिथून तो खाली उतरत उतरत बोंपू कॅम्पला १,९४० मीटर, अजून खाली सेसनी, आणि दर दोन-तीनशे मीटरला जंगल बदलतं तसे पक्षी बदलतात. साडेचारशेच्या वर जाती आहेत म्हणे. हत्ती पण आहेत, आणि ते पार ३,००० मीटरच्या वर जातात, मला खोटं वाटलं पण पासच्या अलीकडे रस्त्यावर ताजं शेण बघितलं आणि मी गाडीच्या बाजूबाजूनेच चालायला लागले.

इथला हिरो म्हणजे बुगुन लिओसिक्ला. याची गोष्ट मला पक्ष्यापेक्षा जास्त आवडली. रमणा आत्रेय म्हणजे आपल्या पुण्यातले खगोलशास्त्रज्ञ, दिवसा नोकरी आकाशातल्या ताऱ्यांची आणि सुट्टीत पक्षी. त्यांना १९९५ ला इथे एक अनोळखी पक्ष्यांची जोडी दिसली, पुस्तकात कुठेच न बसणारी. मग एकदम दहा वर्षांनी, २००५ ला परत दिसले. दहा वर्षं! मी कपाटात ठेवलेली किल्ली दहा मिनिटं सापडली नाही तर घर डोक्यावर घेते. शेवटी २००६ मध्ये जाळीत पकडला, फोटो काढले, मापं घेतली, जाळीत गळलेली पिसं ठेवून घेतली आणि पक्षी सोडून दिला. कारण तेव्हा दिसलेले सगळे मिळून जेमतेम चौदा. एरवी नवीन जात जाहीर करायची तर एक मारून म्युझियमच्या खणात ठेवायचा अशी रीत, इथे पिसं आणि फोटोवर काम भागवलं. आणि नाव स्वतःचं किंवा कुणा साहेबाचं न देता तिथल्या बुगुन लोकांचं दिलं. पन्नासहून जास्त वर्षांनी भारतात नव्याने सापडलेली पक्ष्याची जात, आणि ती सापडवणारा माणूस पुण्यातून येऊन-जाऊन होता, याचा मला तिथे उगाचच अभिमान वाटला, जसं काही मीच डबा भरून दिला होता.

बुगुन लोकांनी पुढे सिंगचुंग गावाच्या मालकीचं १७ चौरस किलोमीटर जंगल २०१७ साली राखीव केलं, गावातलीच पोरं गस्त घालतात. आमचा गाईड त्याच भागातला, पंचविशीचा असेल, मला दीदी आणि नवऱ्याला सर.

तर एवढी गोष्ट ऐकून मी मनाची तयारी केलेली की आता हा पक्षी आपल्याला रडवणार. आणि पहिल्या सकाळी, पाच वाजून काही मिनिटांनी (तिथे पाचला लख्ख उजाडतं, त्यामुळे चारला उठवतात, याला सुट्टी म्हणतात), कॅम्पपासून थोडं चाललो, उतारावर झुडपातून बासरीसारखी शीळ आली आणि पक्षी आला बाहेर. काळी टोपी, डोळ्यापुढे पिवळाधमक ठिपका, पंखात लाल-पिवळं. दोन होते. चार मिनिटं होते. सगळ्यांना दिसले, मला पण खरंखुरं दिसले. सव्वापाचला काम झालं! मी म्हटलं, मग आता परत जायचं का? कोणी हसलं नाही.

गाईडने कॉल वाजवला नाही बरं का. ग्रुपमधल्या एकाने मोबाईल काढला होता, स्पीकर पण होता, कॉल वाजवला की पक्षी आपल्या हद्दीत दुसरा आला समजून भांडायला बाहेर येतो, ती आयडिया. गाईड शांतपणे म्हणाला, "सर, इसके लिए नहीं।" एवढंच. विणीचे दिवस, आधीच मोजके पक्षी, त्यात प्रत्येक ग्रुपने वाजवत बसायचं म्हटल्यावर तो बिचारा घरटं कधी बांधणार. मोबाईल खिशात गेला. मला हा मुलगा तेव्हाच आवडला.

बाकीचे दिवस कसे गेले ते फार सांगत नाही, कारण सगळे सारखेच गेले. गाडी पुढे पाठवायची, आपण मागून चालायचं, दोन किलोमीटरला चार तास. मध्येच हंटिंग पार्टी येते, म्हणजे वीस-तीस लहान पक्षी एकत्र झाडातून सरकत जातात आणि सगळे जण एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना बोटं दाखवत ओरडतात, कुजबुजत ओरडतात, ते एक वेगळंच टेक्निक आहे. वॉर्ड्स ट्रोगन दिसला, आपल्या कर्णा पक्ष्याचा मोठा भाऊ, बुरांशाच्या झाडाखाली शेवाळलेल्या फांदीवर पाच मिनिटं ढिम्म बसून होता. तो मात्र बघून मी पण वेडी झाले. एक धनेश डोक्यावरून गेला, पंखांचा आवाज आगगाडी सुटल्यासारखा. आणि सगळ्या दरीभर दिवसभर ग्रेट बार्बेट रडत असतो, आपला तांबट टुकटुक करतो गुणी मुलासारखा आणि त्याचा हा डोंगरातला चुलतभाऊ नुसता विलाप.

बोंपूला तंबू. रात्री लाकडाच्या शेगडीशेजारी मोजे वाळत घालायचे, त्या मोज्यांच्या वासात जेवायचं, भात-डाळ-बटाटा-आम्लेट, आणि मग यादी वाचायची. एक जण नावं वाचणार, बाकीचे हो-नाही म्हणणार. "लायफर" (म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच मिळालेला पक्षी) हा शब्द दर मिनिटाला.

आता खरी गोष्ट.

बोंपूच्या खाली रस्त्याच्या कडेला ओल्या, अंधाऱ्या जागा आहेत, नेचे आणि बांबू. तिथे गाईड थांबला आणि म्हणाला, पिग्मी कपविंग. हा पक्षी म्हणजे साधारण लिंबाएवढा, तपकिरी, शेपूटच नाही, उंदरासारखा जमिनीवरून पळतो. नवऱ्याला हा हवाच होता, का ते विचारू नका, मोरपंखी सोनेरी सगळं मिळालं होतं आणि याला हवा लिंबू. गाईड म्हणाला, "सुनिए सर, बोल रहा है।" सगळे स्तब्ध. मला ऐकू आला, बारीक, खूप उंच पट्टीतला, सुईसारखा. एक. मग मोठा गॅप. मग दुसरा, थोडा उतरता. मी बोट केलं, तिकडे त्या पडलेल्या ओंडक्यामागे. गाईड म्हणाला, "दीदी सही बोल रही है।" बालवाडीत पंचवीस पोरं एकदम रडत असताना नक्की कोण खरं रडतंय हे ओळखायची नोकरी आहे माझी, त्यामुळे मला काही विशेष वाटलं नाही.

नवरा म्हणाला, "कुठे? काय?"

"अरे हा काय, आत्ता वाजला."

"काही नाही वाजलं."

परत वाजला. ग्रुपमधल्या तिघांना आला. तो माझ्याकडे बघत होता, मग गाईडकडे, मग परत बांबूकडे. पक्षी आमच्यापासून सहा-सात फुटांवर असेल आणि जोरात ओरडत होता, म्हणजे एवढ्याशा जिवाच्या मानाने फारच जोरात. नवऱ्याने कानामागे तळवा धरला. तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होता, लहान मुलं ऐकतात तसं. मी तीनदा म्हटलं, आत्ता, आत्ता, आणि हे आत्ता. तिन्ही वेळा त्याने मान हलवली, नाही.

त्या दिवशी तो पक्षी कोणालाच दिसला नाही. दुसऱ्या दिवशी परत तिथेच दोन तास, तेव्हाही तेच. जळवा चढल्या, बारीक काळ्या माश्या चावल्या, कोणी काही बोलेना.

रात्री ग्रुपमधले सगळ्यात ज्येष्ठ काका (सत्तरीचे, चाळीस वर्षं पक्षी बघतायत) शेगडीपाशी सहज म्हणाले, "माझे कान तर साठीच्या आधीच गेले रे. उंच आवाज आधी जातात. गोल्डक्रेस्टचा आवाज गेला, ट्रीक्रीपरचा गेला, बोलणं व्यवस्थित ऐकू येतं म्हणून आपल्याला पत्ताच लागत नाही." वय झालं की कानाचं असंच होतं, वरच्या पट्टीपासून झिजत येतं. नवरा सत्तावन्नचा. तो नुसता "हं" म्हणाला आणि मोजा उलटा करून वाळत घातला.

मी तंबूत पडून विचार करत होते. आमच्या घरी वॉशिंग मशीन झालं की बीप देतं, बारीक, सहा वेळा. हा माणूस त्याच्या शेजारच्या खोलीत बसलेला असतो आणि कधी उठत नाही. चार-पाच वर्षं मी यावरून भांडतेय. "ऐकू येत नाही का?" हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, आणि तो दरवेळी प्रामाणिकपणे म्हणायचा की नाही आलं, आणि मी म्हणायचे, हो का, बरं. ताप मोजायच्या थर्मामीटरचं पण तेच, काखेत धरून बसायचा दहा मिनिटं. मला वाटायचं नाटकं.

अंधारात विचारलं, "मशीनची बीप?"

थोडा वेळ गेला. मग म्हणाला, "बीप करतं ते?"

परतीच्या वाटेवर गाडीत यादीवरून वाद झाला. बाकीच्यांनी कपविंग "नुसता ऐकला" म्हणून टाकला. आता ऐकलेला पक्षी लायफर धरायचा की नाही यावर भालुकपाँग ते तेजपूर चर्चा, दोन पार्ट्या पडल्या. नवऱ्याने त्यात भाग घेतला नाही. त्याच्या यादीत तो पक्षी नाहीच, दिसलाही नाही आणि ऐकलाही नाही.

पुण्याला आल्यावर कानाची टेस्ट केली. त्या कागदावर रेघ असते, डावीकडे मस्त सरळ चाललेली आणि उजवीकडे घाट उतरावा तशी खाली. डॉक्टर म्हणाले वयाच्या मानाने नॉर्मल आहे, कानाच्या मशीनची गरज आत्ता नाही. नवऱ्याने विचारलं, शिंजीर ऐकू येईल का. डॉक्टरांना शिंजीर माहीत नव्हता.

आता सकाळी बाल्कनीत चहा घेताना तो मला विचारतो, काही ओरडतंय का? मी सांगते. समोरच्या आंब्यावर बांडगुळात फुलटोच्या असतो, टिक टिक टिक करतो, तो त्याला अजिबात येत नाही, मी बोट करते आणि मग तो दुर्बिणीने शोधतो. नावं मला अजून नीट येत नाहीत, मी सांगते "तो टिकटिकवाला" आणि त्याला कळतं. नोव्हेंबरात परत ईगलनेस्टचं चाललंय ग्रुपवर, आणि यावेळी माझं नाव कोणी न विचारताच यादीत टाकलंय, कान म्हणून.

कपडे मात्र अजून मीच काढते मशीनमधून. आता तर त्याच्याकडे डॉक्टरचा कागद आहे.