कोंड्या म्हाराची नोंद

बारावीला असताना कॉलेजने सांगितलं, व्हॅलिडिटीचा, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आत्ताच टाका, सीईटीनंतर धावाधाव होते. जातीचा दाखला माझ्याकडे होताच, प्रांतांच्या सहीशिक्क्याचा. पण तो खरा आहे हे पडताळणी समितीपुढे वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि कायद्याने ती जबाबदारी अर्जदारावरच टाकलीय.

ऑनलाइन फॉर्म, वंशावळीचं शपथपत्र, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला. इथवर एक सुट्टी पुरली. मग त्रुटीपत्र आलं: १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा पुरावा जोडा.

वडिलांच्या दाखल्यावर नुसतं 'बौद्ध'. आजोबांनी १९५६ ला धम्म घेतला आणि पोराच्या नावापुढे जात लागू दिली नाही. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीत धरलं ते १९९० साली, पण धर्मांतराआधीची जात दाखवावी लागतेच. म्हणजे आजोबांनी हट्टाने पुसलेला शब्द मी अर्ज करकरून शोधायचा.

आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "शाळेची नोंद नाही? मग अवघड आहे." महसुली नोंदही चालते हे त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. ते आम्हाला कळलं गावातल्या एका निवृत्त तलाठ्याकडून. जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ काढा म्हणाले, कोतवाल बुकात असणार.

तहसीलच्या अभिलेख कक्षात चार फेऱ्या झाल्या. एकदा किल्ली रजेवर गेलेल्या बाईंकडे, एकदा लाइट नाही. चौथ्या वेळी फडक्यात बांधलेलं बाड समोर आलं, पानांना हात लावला की कपचे निघत होते. सगळं मोडीत. मोडी वाचणाऱ्या काकांनी १९३१ च्या पानावर बोट ठेवलं आणि सरळ आवाजात वाचलं, "बाप राम्या, जात म्हार, मुलगा कोंड्या."

त्याच पानावर वर एका बापाच्या नावाला 'राव' होतं.

पप्पा काही बोलले नाहीत. आमच्या घरातल्या आजोबांच्या फोटोखाली 'कोंडिबा रामजी' लिहिलंय. नक्कल घेतली, लिप्यंतर करून घेतलं. आता ही दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं शपथपत्र हवं होतं. (तुमच्या सख्ख्या किंवा चुलत भावाला व्हॅलिडिटी मिळाली असेल तर आधी ती मागून घ्या, निम्मं काम होतं. मात्र नातं वडिलांकडचंच लागतं. आमच्या घराण्यात मी पहिलीच.)

टायपिस्टने सवयीने टाइप केलं, 'कोंड्या उर्फ कोंडिबा'. पप्पांनी कागद परत सरकवला. "कोंडिबा आधी घ्या." तो म्हणाला, काका, काय फरक पडतो, स्टॅम्प वाया जाईल. पप्पांनी खिशातून दुसऱ्या स्टॅम्पचे पैसे काढून टेबलावर ठेवले.

व्हॅलिडिटी सात महिन्यांनी आली. चुलतभावाने लगेच व्हॉट्सअॅपवर फोटो मागितला.