केटी घेतली, केटी दिली

आयटीत 'केटी' म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, एकाचं काम दुसऱ्याला समजावून देणं. शब्द साधा आहे, पण ज्याच्या कामाची केटी लागते त्याच्या पोटात गोळा येतो. मी एकदा घेतली आणि एकदा दिली. दोन्ही वेळा गाव तेच, दारव्हा तालुक्यातलं, आणि टेबलही तेच, आईच्या शिलाई मशीनचं.

2018 च्या जुलैत पुण्याच्या एका कंपनीत लागलो. मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या जुन्या अवाढव्य कॉम्प्युटरच्या, प्रोजेक्टवर टाकलं तेव्हा सोबतची पोरं हळहळली, कारण तिथली कोबॉल म्हणजे आजोबांच्या काळातली प्रोग्रॅमिंगची भाषा. मार्च 2020 मध्ये लॉकडाउन लागलं आणि दहा दिवसांचे कपडे घेऊन गावी आलो, तो इथेच राहिलो. नोव्हेंबरात मॅनेजरचा फोन आला. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचं रात्रीचं बॅच, म्हणजे रात्री एकामागून एक आपोआप चालणारे प्रोग्रॅम, आपल्याकडे येतंय, आठ आठवड्यांची केटी आहे, समोरचा माणूस ओहायोत बसतो. आधी तो करील आणि तू बघशील, मग तू करशील आणि तो बघेल, शेवटी साइन-ऑफ, म्हणजे केटी पूर्ण झाल्याची सही. तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात. जेवण उरकून बसायचं ते रात्री दोनपर्यंत.

गावठाणच्या फीडरवर लाइट तशी बरी असते. पण इंटरनेटची केबल खांबाखांबावरून, वावरांच्या कडेने आलेली. एकदा पऱ्हाट्या भरलेल्या ट्रॅक्टरने ती ओढून नेली. त्या रात्री मी स्लॅबवर, मोबाइलच्या रेंजवर, अंगात स्वेटर अन् डोक्याला आईचा स्कार्फ बांधून क्लेमचे प्रोग्रॅम शिकलो.

शिकवणारे गृहस्थ डेटन शहराजवळचे, पंचावन्नच्या पुढचे. नावानेच हाक मार म्हणायचे, माझ्या तोंडून 'सर' निघायचं, मनात मात्र ओहायोचे काका. आवाज शांत, घाई कधीच नाही. मेनफ्रेमला आकड्याच्या जागी आकडा सापडला नाही की तो चालू प्रोग्रॅम, म्हणजे जॉब, तिथेच मारून टाकतो आणि स्क्रीनवर 'एस-झिरो-सी-सेव्हन' उमटतं. काका मला दुरुस्ती सांगत नसत. हजारो ओळींचा डंप, म्हणजे जॉब मेला त्या क्षणीची मशीनच्या मेमरीची नक्कल, उघडून द्यायचे अन् म्हणायचे, शोध. मी शोधत असताना तिकडे त्यांच्या कॉफीच्या मशीनचा आवाज यायचा.

कोबॉलमध्ये सातव्या रकान्यात चांदणी (*) टाकली की ती ओळ मशीनसाठी नसते, माणसांसाठी असते. काकांच्या प्रोग्रॅममध्ये अशा ओळींवर त्यांच्या नावाची आद्याक्षरं आणि तारखा होत्या. 1994. 1996. 1999 मध्ये तर ओळीच ओळी, कारण दोन आकडी सालं चार आकडी करण्यात ते वर्ष गेलेलं. मी पहिलीतही नव्हतो तेव्हा!

मला वाटायचं, काका दुसऱ्या प्रोजेक्टवर जात असतील. मॅनेजर असंच काहीतरी म्हणाला होता. चौथ्या आठवड्यात त्यांनीच सहज सांगितलं की बावीस जानेवारी हा त्यांचा शेवटचा दिवस. माझ्या साइन-ऑफचाही तोच. तिकडे 1988 चा एक कायदा आहे, शंभर किंवा जास्त माणसांच्या कंपनीने मोठी कपात करायची तर साठ दिवस आधी कळवावं लागतं. मला केटीचा मेल आला त्याच आठवड्यात काकांना ती नोटीस मिळालेली. केटी पुरी केली तरच कंपनी जाताना जास्तीचे पैसे देणार होती. म्हणजे मी नीट शिकलो नाही तर त्यांचे पैसे अडकणार, आणि नीट शिकलो तर... जाऊ द्या.

त्या रात्री मला काही बोलताच आलं नाही. 'सॉरी' म्हटलं. ते म्हणाले, तू का सॉरी, तू तर वेळेवर येतोस. मग बोलत राहिले. त्यांचा भाऊ डेटनजवळच्या मोरेन गावातल्या मोटारींच्या कारखान्यात होता, तो 2008 च्या डिसेंबरात बंद पडला. तेव्हा भावाला म्हणाले होते, कॉम्प्युटर शिक, ते कुठे जात नाही.

त्यांना नोकरीपेक्षा विम्याची जास्त काळजी होती. बायकोला शुगर, आणि तिकडे औषधपाण्याचा विमा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी सुटल्यावर अठरा महिने तोच विमा चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर दोन टक्के. या सोयीचं नाव कोब्रा. मी हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "इम्याचं नाव नाग? मंग त त्याइनं खरंच सांगतलं म्हना."

बाबा त्या दिवसांत रात्रीच जागे असायचे. शेतीची लाइट आळीपाळीने दिवसा अन् रात्री, आणि हरभऱ्याचं ओलित नेमकं रात्रीच्या पाळीत आलेलं. रात्री दोनला मी लॅपटॉप मिटायचो तेव्हा ते चिखलाचे पाय धूत ओसरीवर असायचे. त्यांना एकच गोष्ट पटत नव्हती.

"त्याले काढलं, अन् तुले शिकवून बी तोच रायला?"

"हो."

"तुले शिव्या नाई देत?"

"नाही."

"मी असतो त देल्ल्या असत्या," एवढं बोलून ते झोपायला गेले.

इथलं तिकडे नेण्याचा हा खेळ आमच्या भागाला नवा नाही. दारव्ह्यावरून जाणारी शकुंतला रेल्वे इंग्रजांच्या कंपनीने टाकली ती इथला कापूस मुंबईला आणि तिथून बोटीने मँचेस्टरला पाठवायला. आता गाडी बंद आहे, रूळ गवतात आहेत.

शेवटच्या दिवशी साइन-ऑफ झाल्यावर, रेकॉर्डिंग बंद करून, काका म्हणाले: रनबुकात, म्हणजे कामाच्या लेखी सूचनांच्या वहीत, नसलेली एक गोष्ट लिहून घे. एका छोट्या बिलिंग ऑफिसची महिनाअखेरची फाइल रविवारी आली की रकमेच्या रकान्यात शून्याऐवजी कोऱ्या जागा येतात. दर वेळी ते स्वतःच हाताने भरायचे, कुणाला सांगितलंच नव्हतं. 31 जानेवारी 2021 ला रविवार होता. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ. एक तारखेला साडेआठला चहा हातात असताना फोन वाजला: एस-झिरो-सी-सेव्हन. दहा मिनिटांत जॉब उठवला. मॅनेजरने मेलवर सगळ्यांसमोर शाबासकी दिली. ती मी काकांना पाठवायला हवी होती, पण त्यांचा ऑफिसचा मेल तोवर बंद झालेला.

पुढची चार वर्षं बरी गेली. घरावर स्लॅब वाढला, बहिणीचं लग्न झालं.

जानेवारी 2025 मध्ये माझी पाळी आली. क्लायंटने हैदराबादला स्वतःचं सेंटर उघडलं. देशात परदेशी कंपन्यांची अशी सतराशेच्या वर सेंटरं आहेत, त्यात आणखी एक. कोबॉलचं मशीनच्या मदतीने जावा या नव्या भाषेत रूपांतर करायचं आणि दोन नव्या पोरांना बसवायचं, असा बेत होता. आमची टीम मोकळी.

एचआरच्या ताईंनी कॉलवर गोड आवाजात राजीनामा टाकायला सांगितलं. मी म्हटलं, काढताय तुम्ही, राजीनामा मी का देऊ? आठवडाभर ओढाताण चालली. शेवटी नोटिशीचा दोन महिन्यांचा पगार मेलवर कबूल करून घेतला, मगच राजीनामा टाकला. फोनवरचं आश्वासन मी तरी पकडून चालत नाही. ग्रॅच्युइटीत त्यांनी सहा वर्षं धरली. माझी सहा वर्षं आठ महिने झालेली, आणि कायद्यात सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. शेवटचा बेसिक गुणिले पंधरा भागिले सव्वीस गुणिले सात, असं मांडून पाठवलं तेव्हा निमूट बदललं. पीएफमध्ये कंपनीने सोडल्याची तारीखच टाकली नव्हती. दोन महिने थांबून ती आपली आपल्याला पोर्टलवर टाकता येते, तशी टाकली. मग पीएफ आणि पेन्शनचे पैसे काढायचे फॉर्म, 19 आणि 10सी. दारव्ह्याच्या सेतू केंद्रातला पोरगा म्हणाला, दादा तुम्ही आयटीवाले असून इथं कसे? साइट उघडत नव्हती, म्हणून.

मधल्या काळात बाबांना एक विनोद सापडलाय, तो ते पारावर सांगतात. 2025 च्या ऑगस्टात केंद्राने बाहेरच्या कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी काढलं. सप्टेंबरात ओहायोचेच सिनेटर बर्नी मोरेनो यांनी विधेयक आणलं, की अमेरिकी कंपनीने काम बाहेर देऊन पैसे पाठवले तर 25 टक्के कर. "माह्या मालाचं कुंपन काढलं, अन् पोराच्या कामाले लावाले निंगाले." काकांनी मत कुणाला दिलं असेल, ते मी कधी विचारलं नव्हतं.

हैदराबादच्या मुलीला केटी देताना मी सुरुवातीला जेवढं रनबुकात तेवढंच सांगत होतो. प्रश्न विचारला तर उत्तर, नाहीतर नाही. दोन आठवडे असा वागलो. ती हुशार होती, वेळेवर यायची. मग तिने रूपांतर झालेला जावाचा कोड दाखवला. स्वच्छ, नीटनेटका. चांदण्यांच्या ओळी त्यात आल्याच नव्हत्या. काकांची 1994 ची नाही, 1999 ची नाही, माझी 2021 ची पण नाही.

मी तिला म्हटलं, वही घे. कोऱ्या जागांचं सांगितलं. कॅलेंडर काढून पुढची तारीखही दिली, 31 ऑगस्ट, रविवार.

एक सप्टेंबरला घरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. सकाळी साडेसातला मी आंबिलीचं पातेलं धरून उभा आणि नजर खिडकीतल्या फोनवर. आई म्हणाली, "कोनाची वाट पायतं बाबू?" नऊ वाजेपर्यंत फोन वाजला नाही.