जक्कयाचा चौपट नियम आणि आमची तीन पोरं

माझी बायको चर्चच्या गायकवृंदात गाते. त्यामुळे रविवारच्या उपासनेला ती समोर उभी राहून प्रसन्न चेहऱ्याने स्तुतिगीतं गात असते आणि मी बाकावर तीन मुलग्यांसोबत एकटा असतो. थोरला 9 वर्षांचा, मधला 7, धाकटा 4. तिघांना घेऊन उपासना आणि संध्याकाळची घरची प्रार्थना पार पाडणं हे माझ्या वाट्याचं काम. ते कसं जमत गेलं, आणि कुठे अजून जमत नाही, ते सांगतो.

लहान मुलं असली की मागच्या बाकावर बसावं असं सगळे सांगतात. रडलं की पटकन बाहेर नेता येतं म्हणे. तान्ह्या बाळासाठी ते ठीक आहे, चालत्याबोलत्या मुलग्यांसाठी अजिबात नाही. मागून त्यांना फक्त लोकांच्या पाठी दिसतात, आणि पाठींकडे बघत तासभर गप्प बसणं मलाही जमणार नाही. आम्ही दुसऱ्या रांगेत सरकलो आणि निम्मी चुळबुळ थांबली. तिथून पाळकसाहेबांचे हावभाव दिसतात, प्रभुभोजनाचा प्याला दिसतो, आणि मुख्य म्हणजे मम्मीचे डोळे दिसतात. गाता गाता ते डोळे बरंच काही बोलतात.

दानाचं नाणं घरून मुलाच्या हातात देऊ नये. ते पहिल्या गीताआधीच बाकाखाली जातं आणि नेमकं शांत प्रार्थनेत घरंगळत पुढे निघतं. आता नाणी माझ्या खिशात असतात, थैली आमच्या रांगेत आली की बाहेर येतात. प्रवचनाला थोरल्या दोघांना एकेक कागद आणि पेन्सिल मिळते. ऐकलेल्या गोष्टीचं चित्र काढायचं, एवढंच काम. मधला त्याखेरीज पाळकसाहेब किती वेळा "आणि शेवटी" म्हणतात याच्या रेघा ओढतो. मी त्याला थांबवलेलं नाही, कारण त्यासाठी तरी तो कान देऊन ऐकतो.

धाकट्याचं शस्त्र वेगळं आहे. लांब प्रार्थनेत पाळकसाहेब श्वास घ्यायला थांबले की हा खणखणीत आवाजात "आमेन!" म्हणतो. हिशोब सरळ आहे: आमेन झालं की प्रार्थना संपते, म्हणजे आमेन म्हटलं की ती संपायला हवी. पाळकसाहेब रागावले नाहीत. अलीकडे त्यांच्या प्रार्थना आटोपशीर झाल्यात, असं गायकवृंदातल्या काही जणांचं मत आहे.

प्रवचनात डुलक्या घेऊ नयेत म्हणून मी एकदा त्यांना बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा 20वा अध्याय वाचून दाखवला. त्रोवस गावात प्रेषित पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं. युतुख नावाचा तरुण खिडकीत बसला होता, त्याला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी उचलला तेव्हा तो मेलेला होता. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळलं आणि सांगितलं, घाबरू नका, हा जिवंत आहे. मग पौल पुन्हा वर गेला, भाकर मोडली आणि पहाटेपर्यंत बोलत राहिला. माझ्या मते बोध स्पष्ट होता. थोरला मात्र बराच वेळ विचार करून म्हणाला, "पप्पा, म्हणजे माणूस पडला तरी प्रवचन थांबलं नाही?"

घरच्या प्रार्थनेचं गाडं असंच वळणं घेत गेलं. बसा, हात जोडा, डोळे मिटा या क्रमाने आमच्याकडे काही होत नाही. मुलगे ऐकतात ते हातापायांनी, हे मान्य केल्यावर बरं चाललं. नोहाच्या तारवाचं वाचन होतं त्या दिवशी मी पुस्तक मिटलं आणि त्यांना मोजायला लावलं. उत्पत्तीच्या 6व्या अध्यायात मापं दिली आहेत: लांबी 300 हात, रुंदी 50, उंची 30. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मोठ्या माणसाचा धरला तर साधारण 45 सेंटिमीटर, म्हणजे तारू जवळपास 135 मीटर लांब. पण माझा हात कोणालाच नको होता. थोरल्याने स्वतःच्या हाताने मोजायला सुरुवात केली, मधल्याने स्वतःच्या, आणि मधल्याचं तारू अर्थातच आखूड निघालं. "तुझ्या तारवात हत्ती मावणारच नाही," या एका वाक्यावरून जी जुंपली, ती सोडवताना जलप्रलयाची गोष्ट बाजूलाच राहिली. आजही आमच्याकडे कुणाचं तारू लहान हा गंभीर अपमान समजला जातो.

मुलग्यांना पवित्र शास्त्रातलं काय आवडतं याची मंडळीतल्या सभ्य लोकांना कल्पना नसावी. बलामाची बोलणारी गाढवी, गाढवाच्या जाभाडाने हजार माणसं मारणारा शमशोन, मांडीला तलवार लपवून राजाकडे जाणारा डावखुरा एहूद. मधला डावखुरा असल्याने एहूद त्याचा खास माणूस. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे दुसरे राजे या पुस्तकाच्या अध्याय 2 मधला अलीशा संदेष्टा. काही पोरं त्याला टकल्या म्हणून चिडवतात आणि रानातून दोन अस्वली येऊन त्यांच्यातल्या 42 जणांना फाडतात. माझ्या डोक्यावरचं छप्पर बरंच विरळ झालेलं असल्यामुळे ही गोष्ट मी जरा जास्तच रंगवून वाचली. त्या रात्री मधल्याने डोळे घट्ट मिटून प्रार्थना केली: "प्रभू, पप्पांना टक्कल आहे हे आम्ही फक्त खरं म्हणून बोललो होतो. अस्वली पाठवू नकोस."

विनोद बाजूला ठेवला तर सगळ्यात अवघड भाग भांडणांचा. मारामारी झाली की "सॉरी म्हण" सांगायचं आणि त्याने दात-ओठ खात "सॉरी" म्हणायचं, यात कुणाचंच समाधान होत नव्हतं. लूकच्या 19व्या अध्यायात येशूला बघायला झाडावर चढलेला जक्कय नावाचा जकातदार खाली उतरून त्याला सांगतो की मी कुणाचं काही अन्यायाने घेतलं असेल तर ते चौपट परत करतो. मला हे फार आवडलं. घरात नियम झाला: भावाची वस्तू मोडली, फाडली, लपवली, तर चौपट भरपाई.

पहिले काही दिवस घरात विलक्षण शांतता होती. मग माझ्या लक्षात आलं की मधल्याची क्रेयॉनची डबी फुगत चालली आहे. थोरला धसमुसळा, खाली न बघता धावणारा. मधला आपले क्रेयॉन दाराच्या उंबऱ्याजवळ, पलंगाच्या कडेला, जिथे थोरल्याचा पाय हमखास पडेल अशा जागी "चुकून" ठेवत होता. एक मोडला की चार मिळायचे. दिवे मालवल्यावर तर हा धंदा जोरात चाले. धाकट्यानेही एक तुटकी गाडी थोरल्याच्या वाटेत आणून ठेवली होती. ती आधीच तुटलेली होती, पण तेवढं बारीक गणित त्याला अजून येत नाही. थोरला रडकुंडीला येऊन म्हणाला, "जक्कय झाडावरून उतरलाच नसता तर बरं झालं असतं."

तेव्हा आम्ही बायबलमधल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकाकडे गेलो. सहाव्या अध्यायात सांगितलं आहे की फसवून घेतलेली वस्तू पूर्ण परत करावी आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा. चौपटीपेक्षा हे सोसवण्यासारखं होतं. एक क्रेयॉन मोडला तर एक नवा आणि वर पाचव्या हिश्शाएवढा तुकडा. 9 सेंटिमीटरच्या क्रेयॉनचा पाचवा हिस्सा 1.8 सेंटिमीटर. थोरला पट्टी घेऊन बसला, खूण केली, तुकडा मोडला. मधल्याने हरकत घेतली की मोडलेला लाल होता, तेव्हा हिस्साही लालच हवा. लाल शोधेपर्यंत, मोजेपर्यंत, पुन्हा मोजेपर्यंत दोघांची डोकी एकाच पट्टीवर वाकलेली होती आणि भांडण कशावरून सुरू झालं ते दोघंही विसरले होते. धंदाही बंद पडला, कारण 1.8 सेंटिमीटरसाठी रात्री उठून उंबऱ्यापर्यंत जायला मधला तयार नाही. हा नियम अजून चालू आहे.

मोठी माणसं मला नीतिसूत्रांच्या 13व्या अध्यायातली छडी आठवून देतात. उपासनेनंतर कुणीतरी वडीलधारी व्यक्ती हळूच सांगतेच, "अहो, दोन ठेवून द्या, सुतासारखी सरळ येतील." मी ऐकून घेतो, पण पाळत नाही. एकमेकांना मारू नका हे मारून शिकवायचं, तर ती पोरं शब्दांपेक्षा हात लवकर उचलतील, असं माझं मत आहे. शिवाय इफिसकरांच्या 6व्या अध्यायात मुलांना आज्ञा पाळायला सांगून झाल्यावर लगेच बापांनाही बजावलं आहे की मुलांना चिरडीस आणू नका. हे वचन थोरल्याला सापडलंय. गृहपाठाला बसवलं की तो ते म्हणून दाखवतो. पहिल्या वचनाचं मात्र त्याला कधी पाठांतर होत नाही.

पाठांतराबाबत मधला आळशी. रविवारच्या शाळेत दर आठवड्याला एक वचन पाठ करून न्यायचं असतं, आणि हा प्रत्येक वेळी योहान 11:35 घेऊन जायचा: "येशू रडला." दोन शब्द, काम झालं. बाईंनी त्याला आता नवं वचन आण म्हणून सांगितलं होतं. त्याच सुमारास थोरला एकदा खेळात हरून घरी आला आणि चादरीत तोंड खुपसून रडायला लागला. मी खोलीत गेलो तर तो ओरडला, "मी रडत नाहीये, मुलगे रडत नाहीत!" हे त्याला कुणी शिकवलं देव जाणे, आमच्या घरात तरी कुणी नाही. मी काय बोलावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात मधला दारातूनच म्हणाला, "येशू रडला. योहान 11:35." आणि खेळायला निघून गेला. त्या वचनावर मी परत कधी तक्रार केली नाही. बाईंनाही कारण सांगून टाकलं.

प्रश्नांची उत्तरं मात्र दर वेळी अशी हाताशी नसतात. काइनाने आपल्या भावाला, हाबेलाला, ठार मारलं आणि देवाने काइनाला खूण करून दिली, ती त्याला कुणी मारू नये म्हणून. थोरल्याला हे मुळीच पटलेलं नाही. "हाबेलाला का नाही खूण केली? आधीच?" मी त्याला सांगितलं की हा प्रश्न मलाही पडतो. तो हे ऐकून निराश झाला की खूश झाला ते कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच अध्याय वाचायचा म्हणाला.

सध्या नाताळच्या नाटकाची तयारी चालू आहे. मेंढपाळ व्हायला एकही मुलगा नाही म्हणत नाही, कारण मेंढपाळाला काठी मिळते. गेल्या वर्षी देवदूताने सुवार्ता सांगेपर्यंत दोन मेंढपाळांची काठ्यांची लढाई होऊन गेली होती, म्हणून यंदा बाईंनी काठ्याच काढून टाकल्या. झालं, सगळ्या मुलग्यांना मागी लोक, म्हणजे ताऱ्यामागून बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, व्हायचं आहे. बाई म्हणाल्या, ते तिघंच असतात. थोरल्याने मत्तयाचा दुसरा अध्याय उघडून दाखवला की तिथे सोनं, ऊद आणि गंधरस ही तीन दानं आहेत, माणसं किती ते कुठेच लिहिलेलं नाही. बाईंनी दोनदा वाचलं आणि हार मानली. आता मागी सात आहेत, तिघांच्या हातात दानं, उरलेले चौघे ताऱ्याकडे बोट दाखवणार. धाकटा त्या चौघांत आहे आणि घरात दिवसभर छताकडे बोट दाखवत फिरतो. दुष्ट राजा हेरोद मात्र एकच लागतो, त्याला तलवार आहे आणि थोरल्या-मधल्या दोघांनाही हेरोदच व्हायचं होतं. यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना येशूच्या प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या, तशा आम्ही स्वयंपाकघरात टाकल्या. मधल्याची निघाली. थोरल्याचं म्हणणं आहे की प्रेषितांनी आधी प्रार्थना केली होती, आपण केली नाही, तेव्हा चिठ्ठ्या पुन्हा टाकाव्यात.