नुसतं एक्स छापू नये

कोड वाकड्यात शिरला की डीबगर (चुका शोधायचं साधन) हाताशी असूनही हात जातो तो प्रिंटकडेच, म्हणजे व्हॅल्यू स्क्रीनवर छापणाऱ्या ओळीकडे. आणि ही ओळ थोड्या वेळाने उडवायचीच आहे म्हणून ती कशीही लिहिली जाते. एक्स या व्हेरिएबलमध्ये (व्हॅल्यू साठवणाऱ्या नावात) काय आहे ते बघायचं, तर छापायचं नुसतं एक्स. स्क्रीनवर ५ उमटतो. आता हा नंबर आहे की स्ट्रिंग (मजकूर)? मागे एखादी स्पेस चिकटली आहे का? काही कळायला मार्ग नाही.

माझं म्हणणं एवढंच, की व्हेरिएबलचं नावही छापावं आणि व्हॅल्यूला दोन्ही बाजूंनी कुंपण घालावं. चौकटी कंस चालतील, अवतरणं चालतील. विंडोजवरून आलेल्या फाइलीतल्या ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न (कर्सरला ओळीच्या सुरुवातीला नेणारं चिन्ह) लपलेला असतो. एरवी तो दिसत नाही. कंस घातले, की बंद होणारा कंस ओळीच्या शेवटी न येता थेट पहिल्या अक्षरावर जाऊन बसतो, आणि चोर सापडतो.

बॅश या शेलमध्ये (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तर हा शिस्तीचा नाही, अचूकपणाचा प्रश्न आहे. एको या छापणाऱ्या आज्ञेपुढे व्हेरिएबल अवतरणांशिवाय लिहिलं, तर शेल आधी व्हॅल्यूचे स्पेसवर तुकडे करतो; सलग तीन स्पेस असतील तर छापताना एकच उरते. व्हॅल्यूत नुसती चांदणी (*) असेल, तर तिच्या जागी चालू फोल्डरमधल्या फाइलींची नावं हजर! दुहेरी अवतरणं घातली की हे सगळं थांबतं. (एकेरी घालून उपयोग नाही, डॉलरसकट नावच छापलं जातं.) तरीही व्हॅल्यू 'वजा एन' निघाली, तर एको तिला आपलाच ऑप्शन समजतो आणि काहीच दाखवत नाही. म्हणून मुरलेली मंडळी प्रिंटएफ ही आज्ञा आणि टक्का-एस (%s, म्हणजे 'इथे मजकूर जसाच्या तसा छाप') वापरतात. दिसायला किचकट, पण बिनघोर.

पायथनवाल्यांची चैन आहे. २०१६ साली ३.६ मध्ये एफ-स्ट्रिंग (महिरपी कंसातल्या नावाच्या जागी त्याची व्हॅल्यू भरणाऱ्या स्ट्रिंग) आल्या आणि २०१९ च्या ३.८ पासून महिरपी कंसात नावापुढे बरोबरचं चिन्ह टाकलं, की नाव आणि व्हॅल्यू दोन्ही येतात, स्ट्रिंग असेल तर अवतरणांसकट. रुबीत एकाक्षरी 'पी' आहेच. नाव नाही, पण अवतरणं दाखवतं.

आणि ही तात्पुरती ओळ स्टँडर्ड एररवर (नेहमीच्या आउटपुटपासून वेगळ्या, चुकांच्या संदेशांसाठीच्या मार्गावर) पाठवावी. स्क्रिप्टचं आउटपुट पाइपमधून पुढे जात असेल, तर पलीकडचा प्रोग्रॅम तुमचं 'इथे आलो' सुद्धा डेटा म्हणून वाचतो.