जंगलाच्या अंगी न लागणारे खत

युरिया पडला की आठवडाभरात उसाचे पान काळेभोर होते आणि बांधावर उभे राहून ते पाहताना आमच्या काकांचा चेहरा खुलतो. हे पाहतच मी वाढलो. त्यामुळे युरियातल्याच नत्राने, म्हणजे नायट्रोजनने, जादा झाल्यावर जंगल खंगते, हे प्रथम वाचले तेव्हा मला पटेना.

आडसाली, म्हणजे सुमारे दीड वर्ष शेतात राहणाऱ्या, उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. मातीवर नुसता फेकलेला युरिया काही अंशी अमोनिया होऊन हवेत जातो, त्यात वाहनांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे मिसळतात आणि हे सारे पुढे पावसाबरोबर किंवा धुळीबरोबर पानांवर व जमिनीवर उतरते. उसाने उचललेले नत्र तोडणीबरोबर शेताबाहेर जाते. जंगलात तोडणी नसते, पाचोळ्यातले नत्र पुन्हा मुळांकडेच येते, म्हणून वरून पडणारी भर साचतच राहते.

मातीतले जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होते. झाडांना न पेलवणारे नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही ओढून नेते. माती फार आम्ल झाली की तिच्यातले ॲल्युमिनियम विरघळून कोवळ्या मुळांना इजा करते. शिवाय मुळांना स्फुरद (फॉस्फरस) आणून देणाऱ्या बुरशीला झाड एरवी साखर पुरवते, पण नत्र आयते मिळू लागले की तो पुरवठा आटतो आणि बुरशी रोडावते.

अमेरिकेतील हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९८८ पासून जंगलाच्या काही पट्ट्यांना दरवर्षी हेक्टरी ५० आणि १५० किलो नत्र देण्यात आले. रुंद पानांची काही झाडे त्यावर जोमाने वाढली. तांबड्या पाइनच्या पट्ट्यात मात्र मोठ्या मात्रेखाली झाडे मोठ्या प्रमाणावर मेली. ती थंड प्रदेशाची जंगले आहेत, तिथले आकडे जसेच्या तसे इकडे लावता येणार नाहीत. तरीही मला काळजी वाटते ती कोल्हापूर जिल्ह्यातील दाजीपूरच्या जंगलाखालच्या जांभ्याची. धुवांधार पावसाने युगानुयुगे धुतलेली ही तांबडी माती मुळातच आम्लधर्मी आहे, लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेली आहे आणि तिच्याजवळ गमावण्याइतका चुना, म्हणजे कॅल्शियम, फारसा उरलेला नाही.

हवेतले नत्र वाढल्याचे वेळीच ओळखायला आपल्या मसाल्यातले दगडफूल उपयोगी पडते. बुरशी आणि शैवाल यांच्या या जोडीला मुळे नसतात, पाणी आणि पोषण ती हवेतूनच घेते. त्यामुळे हवेत अमोनिया वाढला की तिच्या नाजूक जाती झाडांच्या आधी नाहीशा होतात आणि नत्र मानवणाऱ्या जाती त्यांची जागा घेतात. गेल्या हिवाळ्यात दाजीपूरच्या वाटेवरील एका जांभळीच्या खोडाचे, त्यावरच्या दगडफुलासह, मी छायाचित्र काढून ठेवले आहे. दरवर्षी त्याच महिन्यात त्याच खोडाचे काढणार आहे.

काकांनी यंदा युरिया फेकला नाही. पहारीने भोके पाडून तो मुळांजवळ मातीआड केला.